डाव्या हाताची दांडी



उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले, नायगारा आणि शिकागो उरकलं, की मिशिगनमधली मराठी कुटुंबं त्यांना घेऊन डिअरबॉर्नच्या ग्रीनफिल्ड व्हिलेजला जातात. तुम्हीही गेला असाल. तिथे फोर्डच्या मॉडेल टी गाडीतून फेरी मारता येते. मुलांना भोंगा आवडतो, आजींना ती गाडीची उंच बैठक आवडते, आणि आपण फोटो काढण्यात दंग असतो.

तीन वर्षांपूर्वी माझे बाबा त्या गाडीत पुढे बसले होते. उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "ड्रायव्हर स्टिअरिंगखाली डाव्या हाताने सारखी एक दांडी खालीवर करत होता, ती कसली?" मी ठोकून दिलं, "इंडिकेटर असेल." बाबा माझ्याकडे बघत राहिले. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीला इंडिकेटर! मग मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं, की ती ठिणगीची दांडी आहे. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे टायमिंग! हा माणूस चालत्या गाडीत टायमिंग सेट करतोय?"

मी एमबीए करताना हेन्री फोर्ड म्हणजे 1913 ची हायलँड पार्कची असेंब्ली लाइन, एवढंच शिकलो. त्या लाइनवरून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीत अशी एक दांडी होती आणि ती चुकीच्या जागी राहिली तर माणसाचं मनगट मोडत होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आजची गोष्ट त्या दांडीची आहे.

आधी ठिणगीचं काम थोडं समजून घेऊ. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. शाळेत आपण एवढं शिकलो. पण ते मिश्रण एका झटक्यात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून सगळीकडे पसरायला काही सहस्रांश सेकंद लागतात. हिशेबासाठी दोन सहस्रांश धरा. इंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात ते सुमारे 7 अंश फिरतं. 1800 फेरे घेत असेल, तर जवळजवळ 22 अंश फिरतं. म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यावर दाब मिळायला हवा असेल, तर ठिणगी त्याच्या आधीच पडायला हवी, आणि इंजिन जितकं जोरात, तितकी जास्त आधी. हे 'आधी' म्हणजे ॲडव्हान्स. ठिणगी उशिरा नेणं म्हणजे रिटार्ड.

उशीर झाला तर गाडी मरगळते, तापते, पेट्रोल खाते. फार आधी पडली तर पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट त्याला अडवतो. झोपाळ्यावरचं पोर तुमच्याकडे येत असतानाच तुम्ही धक्का दिलात तर काय होतं, तसंच. तुमच्याच हाताला मार बसतो.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांत हा प्रश्न नीट सोडवलेलाच नव्हता. डाइमलर आणि मायबाख यांच्या 1885 च्या इंजिनात ठिणगीच नव्हती. बर्नरने लाल तापवलेली एक नळी सिलिंडरला जोडलेली असे आणि मिश्रण तिच्यात शिरलं की पेटे. कधी पेटेल ते त्या नळीच्या मर्जीवर. कार्ल बेन्झने मात्र विजेची ठिणगी वापरली. पुढे 1902 मध्ये बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा ठिणगी भरवशाची झाली. ती नेमकी कधी पाडायची, हे ठरवण्याचं काम मात्र बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरकडेच राहिलं.

आता मॉडेल टीकडे येऊ. 1908 ते 1927 या काळात या गाड्या दीड कोटी निघाल्या. स्टिअरिंगच्या खाली दोन दांड्या. उजवी पेट्रोलची, कारण पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर या गाडीत नव्हताच. डावी ठिणगीची. इंजिनाच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्टच्या टोकाला 'टायमर' नावाची एक डबी असे. तिच्यात एक रोलर फिरे आणि चार सिलिंडरांच्या चार पट्ट्यांना आळीपाळीने शिवे. पट्टीला शिवला, की लाकडी पेटीतली त्या सिलिंडरची कॉइल थरथरू लागे आणि ठिणगी पडे. डावी दांडी हलवली, की एका सळईने ती डबीच थोडी फिरे. बस, एवढंच यंत्र. दांडी वर नेली की ठिणगी उशिरा, खाली ओढली की आधी. अगदी वर असेल तर पिस्टन टोकावरून खाली उतरायला लागल्यावर ठिणगी पडे.

ही अगदी वरची जागा कशासाठी? हँडल मारण्यासाठी.

आपल्याकडे जुन्या ट्रकांना हँडल मारताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. हाताने फिरवताना इंजिन अतिशय हळू फिरतं, फार तर सेकंदाला एखादा फेरा. त्या वेगाला ठिणगी आधी पडली, तर पिस्टन टोकाला पोचायच्या आत स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि त्याच्याबरोबर तुमच्या हातातलं लोखंडी हँडल. म्हणून नियम असा, की आधी डावी दांडी वर, मग गाडीपुढे जायचं. हँडल डाव्या हाताने, खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे हँडल उलटं आलंच तर हातातून निसटून जाईल.

लोक विसरत. घाईत विसरत, थंडीत विसरत. शिवाय दांडीवर एक जण आणि हँडलवर दुसरा, असंही होई. अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी जे हाड असतं, ते या फटक्याने मोडे. हे इतकं नेहमीचं झालं, की डॉक्टरांच्या भाषेत त्याचं नावच 'शोफर्स फ्रॅक्चर' पडलं. आजही ते पाठ्यपुस्तकात आहे. आपल्या कार्यक्रमाचे श्रोते असलेल्या डॉक्टर मंडळींना विचारा. आता गंमत बघा, 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या श्रीमंताचं मनगट शाबूत राही. मोडे ते शोफरचं. आणि मॉडेल टी तर ज्याला शोफर परवडत नाही, अशाच माणसासाठी काढलेली होती.

डेट्रॉइटमध्ये यावर एक गोष्ट सांगतात. बायरन कार्टर नावाचे मोटार बनवणारे एक गृहस्थ होते, कार्टरकारवाले. बेल आइलच्या पुलावर एका बाईंची कॅडिलॅक बंद पडली होती, हे मदतीला उतरले. बाईंनी ठिणगी मागे घेतलेली नव्हती. हँडल उलटलं, यांचा जबडा मोडला, आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांना हे फार लागलं आणि त्यांनी ठरवलं, की आपल्या गाडीला हँडल नको. या गोष्टीचे तपशील प्रत्येक जण वेगळे सांगतो आणि इतिहासकार त्यावर शंका घेतात. मलाही ती जरा जास्तच बेतीव वाटते. पण कार्टर 1908 मध्ये गेले आणि कॅडिलॅकच्या 1912 च्या मॉडेलमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला, या दोन गोष्टी पक्क्या आहेत.

तो स्टार्टर केला ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी ते नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होते आणि तिथे त्यांनी गल्ल्याचं यंत्र विजेच्या मोटरवर चालवलं होतं. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरायची नसते, क्षणभर जोर लावून थांबायची असते. गाडी सुरू करायलाही तेवढंच पुरतं. एका धंद्यातली युक्ती दुसऱ्या धंद्यात नेण्याचं याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

पण फोर्डने काही लगेच स्टार्टर घेतला नाही. मॉडेल टीला तो 1919 मध्ये मिळाला, तोही सुरुवातीला सगळ्या गाड्यांना नाही. तोवर लाखो लोक रोज सकाळी दांडी वर आहे ना, हे बघून गाडीपुढे वाकत होते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त टूलमेकर राहतात. त्यांच्याकडे 1930 ची मॉडेल ए आहे, म्हणजे टीच्या नंतरची फोर्ड. बाबांच्या त्या प्रश्नानंतर मी धीर करून त्यांचं दार वाजवलं. एका शनिवारी त्यांनी मला टायमिंग कसं लावतात ते दाखवलं. दाखवलं म्हणजे, हँडल मीच फिरवत होतो.

प्लग त्यांनी आधीच काढून ठेवले होते, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. पॉइंटमधली फट फीलर गेजने तपासली, सुमारे अर्धा मिलिमीटर. ही फट आधी, टायमिंग नंतर. क्रम उलटा केलात तर फट बदलताच टायमिंग पुन्हा हलतं. स्टिअरिंगखालची डावी दांडी अगदी वर. मग त्यांनी इंजिनाच्या पुढच्या झाकणातून एक साधा बोल्ट काढला. बोल्टचं एक टोक आट्यांचं, दुसरं गुळगुळीत आणि गोल. तो उलटा करून त्याच भोकात घातला आणि बोटाने दाबून धरला. मला म्हणाले, पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेव आणि दुसऱ्या हाताने हळू फिरव. अंगठ्याखाली हवा दाबली जायला लागली, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. मग अगदी मुंगीच्या पावलाने. मध्येच त्यांच्या बोटाखालचा बोल्ट किंचित आत बुडाला. आत कॅमच्या गिअरवर एक छोटा खळगा असतो, त्यात तो बसला. याचा अर्थ पहिला पिस्टन बरोबर टोकाला आलाय.

मला हे फार आवडलं. वेगळं हत्यार नाही, मोजमाप नाही. टायमिंग लावायची खूण गाडीच्याच अंगावर, बोल्ट म्हणून कायम लावून ठेवलेली. कॅन्ससच्या शेतातसुद्धा हे जमावं, असं कुणीतरी डिअरबॉर्नमध्ये बसून ठरवलं होतं.

पुढचं काम डिस्ट्रिब्युटरचं. टोपी काढली, रोटर काढला, मधला स्क्रू सैल केला. आता रोटरच्या खालचा कॅम असा फिरवायचा, की रोटर पहिल्या सिलिंडरकडे तोंड करील आणि पॉइंट नेमके उघडायला लागतील. पॉइंट उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. 'नेमके' कसं ओळखायचं? त्यांनी पॉइंटमध्ये सिगारेटच्या पातळ कागदाची एक पट्टी धरली. पॉइंट मिटलेले असतील तर ती अडकते. सुटली, की तिथे थांबायचं. गिअरमध्ये थोडा प्ले असतो, तो एका बाजूला घेऊनच हे करायचं, नाहीतर सगळी मेहनत वाया. आमचं तिसऱ्या वेळी जमलं. स्क्रू आवळताना कॅम केसभर हलतो, आणि इथे केसभराचाच तर प्रश्न असतो.

प्लग लावले, टोपी बसवली. या गाडीत प्लगला वायरी नाहीत, टोपीपासून प्लगपर्यंत पितळेच्या छोट्या पट्ट्या आहेत. बोल्ट सुलटा करून पुन्हा जागेवर. हा विसरलात तर पुढे काय होईल, ते त्यांनी चेहऱ्यानेच सांगितलं. गाडी सुरू केली. दांडी वर असताना इंजिन भक्, भक्, भक् असं दम लागल्यासारखं चालत होतं. त्यांनी ती हळूहळू खाली घेतली आणि आवाज सारखा होत गेला. जमिनीची थरथरही कमी झाली.

मॉडेल ए ही अशा दांडीची फोर्डची शेवटची गाडी. 1932 च्या व्ही-एटमध्ये ती गेली. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप पुढे नेतात. मग इंजिनवरचा भार ओळखणारी व्हॅक्यूमची डबी आली. बाबांच्या पद्मिनीचा मिस्त्री बारा व्होल्टचा बल्ब लावून जे टायमिंग बघायचा, ते म्हणजे फक्त सुरुवातीची जागा. पुढचं सगळं ती वजनं बघत. 1976 मध्ये क्रायस्लरने आणि 1977 मध्ये ओल्ड्समोबिल टोरोनॅडोमध्ये जनरल मोटर्सने हे काम कंप्युटरकडे दिलं. आज तुमच्या गाडीत हा हिशेब प्रत्येक ठिणगीला नव्याने होतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

इथेच थांबलो असतो तर ही सुखाची गोष्ट झाली असती. पण ठिणगी आधी पडण्याचा एक दुसरा दंडही आहे. चढावर, भरलेल्या गाडीत, ती जास्त आधी पडली तर उरलेलं मिश्रण एकदम भडकतं आणि इंजिन आतून टकटक वाजतं. मिस्त्री म्हणतात, गाडी नॉक करते. मॉडेल टीचा ड्रायव्हर काय करायचा? दांडी थोडी वर. ताकद जरा जायची, टकटक थांबायची, खर्च शून्य.

कॅडिलॅकमध्ये हीच टकटक सुरू झाली, तेव्हा लोकांनी दोष केटरिंग यांच्या नव्या बॅटरी इग्निशनला दिला. ते त्यांच्या मनाला लागलं. दोष इग्निशनचा नाही, पेट्रोलचा आहे, हे सिद्ध करायला त्यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. इंजिनमध्ये दाब वाढवला तर ताकद वाढते, पण नॉकिंगही वाढतं. मग ठिणगी मागे न घेता नॉकिंग थांबवायचं कसं? डिसेंबर 1921 मध्ये मिजलींना उत्तर सापडलं, टेट्राएथिल लेड. म्हणजे शिसं. 1923 मध्ये डेटनच्या एका पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं, हे त्याच लोकांना ठाऊक होतं. पण शिसं चिमूटभर पुरतं आणि त्याचं पेटंट घेता येतं.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत हे रसायन तयार करणारे पाच कामगार मेले. मरण्यापूर्वी त्यांना भ्रम झाले होते, काहींना बांधून ठेवावं लागलं. मिजली स्वतःही शिशाने आजारी पडून गेले होते. काही महिने विक्री थांबली, परिषद भरली, आणि 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. मग सत्तर वर्षं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते 1996 मध्ये पूर्ण बंद झालं, भारतात 2000 मध्ये, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात 2021 मध्ये. माझ्या वयाचे जे कोणी पुण्या-मुंबईत लहानाचे मोठे झाले, ते सगळे रिक्षाच्या धुरातून हे शिसं घेतच शाळेत गेले. नॉकिंग थांबत होतं, पण किंमत गाडीत न बसलेली मुलं भरत होती. लहान मुलांच्या मेंदूला शिसं काय करतं, ते आज कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला माहीत आहे.

केटरिंग हे नाव तुम्ही वेगळ्याच संदर्भात ऐकलं असेल. न्यूयॉर्कचं मोठं कॅन्सर हॉस्पिटल, मेमोरियल स्लोन केटरिंग. तेच हे केटरिंग. आणि स्लोन म्हणजे जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन, ज्यांच्या नावाची बिझनेस स्कूल एमआयटीत आहे. ज्याने लोकांची मनगटं वाचवली, त्यानेच पेट्रोलमध्ये शिसं आणलं आणि त्याच्याच नावाच्या संस्थेत कर्करोगावर संशोधन झालं. या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं ते मला कळत नाही, आणि मी प्रयत्नही सोडून दिलाय.

सप्टेंबरमध्ये ग्रीनफिल्ड व्हिलेजला ओल्ड कार फेस्टिव्हल असतो. जमलं तर जा. मुलांना सांगा, ड्रायव्हरच्या डाव्या हाताकडे बघा.

त्या शनिवारी इंजिन चालू असताना मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. सांगलीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी ते जागे होते. फोन इंजिनाजवळ धरला. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "त्यांना सांग, अजून जरा पुढे घ्या." मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी हसून दांडी आणखी खाली ओढली. इंजिन कुरकुरलं आणि त्याचा ताल बिघडला.

"हां, आता जास्त झालं," बाबा म्हणाले. "मागे घ्यायला सांग."